मामांचा पाच लिटरचा कॅन

आमचे मामा माणूस चालीवरून ओळखतात. तोंड बघायची त्यांना गरज पडत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, बिराप्पा. आमचं गाव वडूजच्या पुढं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परत घाट चढायचा. गुडघे दुखायला लागले तेव्हा कळप विकला आणि सांगलीजवळ कुपवाडला आमच्याकडं आले. आमचे हे, म्हणजे सूरज, इथं एका लेथच्या वर्कशॉपात कामाला आहेत. लिहायचं म्हणून नाव लिहिते, तोंडानं घेत नाही. त्याच वर्कशॉपच्या गेटवर मामांना दिवसपाळीला वॉचमन म्हणून घेतलं. शेठनी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही दिली होती. मामांना लिहिता येत नाही, पण पन्नास-साठ माणसांत आज कोण आलं नाही हे ते संध्याकाळी तोंडी सांगायचे, आणि ते कधी चुकलं नाही. गाडी लावून कुणी आत चालायला लागला की मान खाली ठेवूनच म्हणायचे, "ह्यो भाऊसो. आज घरात भांडून आलाय." भाऊसो हसत आत जायचा, कारण ते खरं असायचं.

अशा माणसाला भ्यालेलं मी यंदा पौष-माघात पाहिलं. त्यांच्याबरोबर मीही भ्याले.

साखर त्यांना अकरा वर्षांपासून आहे. साखरेला ते कधी घाबरले नाहीत. "साखर म्हंजी मेंढराच्या अंगावरल्या गोचड्या," म्हणायचे. "असायच्याच. येचत ऱ्हायचं." भीती होती ती एकाच गोष्टीची. त्यांचे थोरले भाऊ आकाराम आप्पा साखरेपायीच गेले, पण जायच्या आधी दोन वर्षं त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागायचं, आणि दर वेळी सोबतीला मामा असायचे. आप्पांच्या डाव्या हाताच्या शिरा सुईसाठी एकमेकींना जोडलेल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत काहीतरी थरथरायचं. "गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवावा तसं लागायचं," मामा एकदा म्हणाले होते. "पर हितं काय जन्माला येनार नव्हतं."

मार्गशीर्षात वर्कशॉपच्या बाजूला तपासणी शिबिर झालं. मामांचं प्रेशर जास्त निघालं, आणि लघवीतून प्रथिनं जाताहेत असं कळलं. तो आकडा तीसच्या आत पाहिजे, मामांचा शहाऐंशी होता. शिबिरातल्यांनी सांगलीच्या एका दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं डॉक्टर अंकिता म्हणून मॅडम होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. ज्यांच्या मूत्रपिंडाला साखरेचा त्रास नुकता सुरू झालाय अशा लोकांचा त्या अभ्यास करत होत्या.

"बाबा, ही सुरुवात आहे," मॅडम म्हणाल्या. "अजून काही हातचं गेलेलं नाही."

"भावाला बी असंच सांगितल्यालं," मामा म्हणाले.

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली आणि समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. डोपामिन नावाचा एक पदार्थ आहे. तो मेंदूत असतो हे पुष्कळांना माहीत असतं, पण मूत्रपिंडही स्वतःपुरता तो तयार करतं. मूत्रपिंड रक्त गाळतं, तेव्हा मीठ खाली येतं आणि त्यातलं बरंचसं परत आत ओढून घेतलं जातं. अंगात मीठ जास्त झालं की हे डोपामिन तिथल्या पेशींना सांगतं, आता ओढू नका, जाऊ द्या. साखर वर्षानुवर्षं चढती राहिली की हे सांगणं कमी पडतं, किंवा सांगितलं तरी पेशी ऐकत नाहीत. मग मीठ अंगात राहतं, प्रेशर चढतं, गाळणीवर ताण येतो आणि तिच्यातून प्रथिनं गळायला लागतात.

मामा म्हणाले, "म्हंजी मी वाघरीचं दार उघडून हाळी देतुया, चला भाईर, आन् मेंढरं बसून ऱ्हात्याती."

वाघर म्हणजे मेंढरं रात्रीची ठेवतात ते जाळीचं कुंपण. ते मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. हाळी किती मोठी आहे आणि मेंढरं किती बाहेर येतात, तेवढं मला मोजायचंय."

मग त्यांनी विचारलं, साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या सोडून दुसरं काही औषध चालू आहे का, काढा, आयुर्वेदिक काही. मामा म्हणाले, न्हाई. मीही म्हणाले, नाही. आम्ही खोटं बोललो नव्हतो.

मोजायचं कसं, तर दिवसभराची आणि रात्रीची, चोवीस तासांची सगळी लघवी एका पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची. कॅनच्या तळाला थोडं ॲसिड घातलेलं होतं. अंगावर उडू देऊ नका, आधी मगात धरा, मग ओता, आणि कॅन गार जागी ठेवा, असं बजावलं. गार जागा म्हणजे फ्रिज. पण फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध असतं, माझा हात काही धजेना. शेवटी न्हाणीच्या कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला, गावाकडं उन्हाळ्यात पाण्याची कळशी ठेवतो तसा.

"पोरी, हितकी बडदास्त तर माज्या लग्नात बी नव्हती," मामा म्हणाले. तेव्हा अजून हसत होते.

त्या दिवशी सकाळीही त्यांचं रोजचं झालं. अंघोळ करून देव्हाऱ्यातल्या बिरोबाच्या टाकापुढं बसायचं, भंडारा लावायचा. भंडाऱ्याच्या डबीशेजारी चिनीमातीची एक लहान बरणी असते. तिच्यात खाजकुयलीच्या बियांची पूड. बिया दुधात उकडून, साल काढून, तुपात परतून कुटायच्या. मामांच्या वडिलांनी कोकणच्या वाटेवर पायांत बळ राहावं म्हणून त्यांना ही सवय लावली, ती आजतागायत आहे. चमचाभर पूड देवापुढं ठेवायची आणि मग दुधातून घ्यायची. ते दूध मीच गरम करून देते.

आठ दिवसांनी मॅडमनी बोलावलं. बाहेर बाकावर बसलो होतो. व्हरांड्यात पावलं वाजली आणि मामा खाली बघतच म्हणाले, "डाक्तरीण येतीया. पाय जड पडत्यात. चांगलं न्हाई."

चांगलं नव्हतंच. डोपामिनची वरची हद्द चारशेच्या आसपास असते. मामांचं एकवीसशे आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "साखरेच्या माणसात हे कमी निघेल असं मला वाटत होतं. हे उलटंच आहे. मोजण्यात चूक असू शकते. आपण पुन्हा कॅन भरू."

"आणि चूक नसली तर?" मी विचारलं.

त्यांनी आधी मामांकडं पाहिलं, मग सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिथं कधी कधी गाठ होते, आणि ती असले पदार्थ रक्तात सोडते. पण मग बरोबरचे आणखी दोन आकडे वाढायला हवे होते, ते मामांचे ठीक होते. "म्हणून मलाही कोडं पडलंय," त्या म्हणाल्या. "आत्ताच गाठ धरून बसू नका."

न धरून कसं चालेल. दुसऱ्या दिवशी सूरजनी घरी येऊन सांगितलं, की इंद्रजित गेटातून आत जाताना दादांनी, म्हणजे मामांनी, मान वर करून त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "कोन रं तू?" इंद्रजित तिथं सहा वर्षं आहे.

गावाकडं कळवलं, तशा सासूबाई तिसऱ्या दिवशी हजर झाल्या. त्यांचं नाव हरणाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. घर, शेरडं, सगळं शेजारणीवर टाकून आल्या. काखेत एक गाठोडं होतं, तोंड घट्ट बांधलेलं.

"ह्यात काय हाय आत्या?"

"यंदाच्या कुयलीच्या शेंगा. सोलायला येळ न्हाई गावला. हात नगं लावू." मग मामांकडं पाहून म्हणाल्या, "तोंड बघा. निम्मं झालंय. अंगात बळ न्हाई तर तपासनी कशी चांगली येईल. पल्लवी, उद्यापास्नं दोन चमचं घाल दुदात."

मी दोन चमचे घातले. सकाळी दोन, आणि भीती जास्त वाटली त्या दिवशी संध्याकाळीही दोन. बरणी खाली करताना मी मनात म्हणायची, देवा, तुझ्यापुढं ठेवलेलं आहे, लागू पडू दे. नवस बोलले नाही. नवस बोलला म्हणजे गाठ आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

दुसरा कॅन भरला, त्या दिवशीही सकाळी दोन चमचे घालून मीच दूध दिलं. आता कुणी थट्टा केली नाही. मामा मगातली लघवी ओतायच्या आधी खिडकीशी नेऊन बघायचे. फेस दिसला की बोटानं फेसाकडं दाखवायचे आणि म्हणायचे, "आप्पाचा असाच असायचा."

दुसरा आकडा आला, चार हजार सहाशे.

या वेळी मॅडमनी कोडं वगैरे शब्द वापरला नाही. गुरुवारी पोटाचा स्कॅन ठरवला. त्यात शिरेतून एक औषध सोडतात, ते मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं, आणि मामांची मूत्रपिंडं आधीच ताणाखाली आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही. "काळजी घेऊन करू," म्हणाल्या. "पण इतका आकडा बघून न करणं मला धोक्याचं वाटतं."

घरी आल्यावर मामा भिंतीला टेकून बसले. "मी न्हाई जायाचा," म्हणाले. "गाठ असंल तर गाठीनं मरीन. तपासनीनं किडनी घालवून त्या यंत्राला हात बांधून घेनार न्हाई."

"दादा, तपासलंच नाही तर कळणार कसं?" सूरज म्हणाले.

"कळून आप्पाचं काय झालं?"

आत्या गॅसपाशी होत्या, तिथूनच बोलल्या. "आप्पा, आप्पा. आप्पांनी पाच वर्सं गोळी गिळली न्हाई, त्ये न्हाई सांगत. तुमी मेंढरामागं लांडगा लागला तर पळून गेलायसा कवा? आता कशाला पळताय?"

मामा पुन्हा नाही म्हणाले नाहीत.

बुधवारी सकाळी बरणी उघडली तर तळाला चिमूटभर पूड. दोन-दोन चमच्यांनी ती महिनाभर आधीच संपली होती. आत्या देवळात गेल्या होत्या. उद्या स्कॅन, आणि आज मामांना द्यायला काही नाही, एवढंच माझ्या डोक्यात. गाठोडं सोडलं आणि शेंगा सोलायला बसले. शेंगेवर सोनेरी लव असते, दिसायला मखमलीसारखी. आधी शेंगा विस्तवावर धरून ती लव जाळतात, नाहीतर ओल्या फडक्यात धरून सोलतात. गावाकडं हे काम आत्याच करायच्या, मी कधी केलेलं नव्हतं. दहा शेंगा झाल्या नसतील, तोच मनगटापासून कोपरापर्यंत आग पेटली. खाजवावं तसं पसरत गेलं. आत्या आल्या, त्यांनी राख चोळली, जवळच्या एका गोठ्यावरून शेण आणून लावलं, आणि वर बोलल्या, "हात नगं लावू म्हनल्यालं तवा कान कुठं हुतं?"

गुरुवारी तेच हात घेऊन मी मामांबरोबर दवाखान्यात गेले. पदराखाली लपवले होते. मामांनी प्रेशरची गोळी घेतली होती, बाकी उपाशी. बाकावर बसून ते आप्पांसारखाच डावा हात उजव्या हातानं धरून होते. मॅडमनी संमतीचा कागद पुढं केला. मामांचा अंगठा, खाली माझी सही. सही करायला हात बाहेर काढला.

"हे काय झालं हाताला?"

"काही नाही मॅडम. कुयली लागली."

"कुयली कुठून आली कुपवाडात?"

"गावाकडच्या शेंगा. मामांसाठी पूड करत होते."

मॅडमनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "कसली पूड?"

मी सगळं सांगितलं. दूध, तूप, बरणी, देव्हारा. सांगता सांगता त्यांचा चेहरा बघून मला वाटलं विषच दिलं की काय मी.

"किती वर्षं?"

"चाळीस तरी झाली असत्याल," मामा म्हणाले.

"आणि पहिल्या कॅनच्या दिवशी?"

"एक चमचा," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या दिवशी दोन. बळ यावं म्हणून."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "त्या बीमध्ये एक द्रव्य असतं. मूत्रपिंड नेमकं त्याच्यापासूनच डोपामिन बनवतं. तुम्ही चमचा दुप्पट केलात आणि आकडा दुप्पट झाला. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना, दुसरं काही औषध चालू आहे का?"

"त्ये औषद न्हाई बाई," मामा सरळपणानं म्हणाले. "त्ये देवाचं हाय."

खरंच सांगते, मलाही ते तसंच वाटत होतं. गोळ्या कपाटात असतात. ती बरणी भंडाऱ्याजवळ होती. प्रसाद काय काय घेता असं डॉक्टरला कुणी सांगतं का?

मॅडमनी स्कॅनवाल्यांना आतून फोन केला आणि दिवस पुढं ढकलला. पण रद्द केला नाही. "मला वाटतंय ते बरोबर असेल तर बी बंद केल्यावर आकडा खाली येईल. नाही आला तर स्कॅन करायचा, आणि तेव्हा बाबा, नाही म्हणायचं नाही. दहा दिवस एक कणही नको. मग तिसरा कॅन."

ते दहा दिवस सगळ्यात वाईट गेले. आधी गाठ असेल म्हणून भीती होती. आता नसेल अशी आशा होती, आणि ती हातची जाईल याची भीती त्याहून मोठी निघाली. बरणी मी देव्हाऱ्यातून काढली नाही, धुऊन रिकामीच तिथं ठेवली. मामा सकाळी तिच्याकडं हात न्यायचे आणि परत घ्यायचे. त्यातल्या एका दिवशी म्हणाले, "चाळीस वर्सं खाल्ली. ती सोडली म्हनून त्यो रागावला तर?"

मी म्हणाले, "मामा, देवानंच माझ्या हाताला खाज आणली असेल."

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. अजून चट्टे होते.

तिसऱ्या कॅनचा आकडा ऐकायला आत्याही आल्या. तोच बाक. पावलं वाजली. मी मामांच्या तोंडाकडं पाहत होते. त्यांनी मान खाली घातली, ऐकलं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एकशे नव्वद," मॅडम दारातच म्हणाल्या. "गाठीचा विषय संपला."

आत्यांनी तिथंच फरशीला हात लावून नमस्कार केला.

"आता दुसरं ऐका," मॅडम बसल्या. "प्रथिनांचा आकडा शहाऐंशी होता, तो एक्याण्णव आहे. तो बीमुळं नाही. तो खरा आहे. आणि बाबा जेवढं मीठ खातात त्या मानानं त्यांची स्वतःची हाळी बारीकच आहे."

"मग ती बी खाल्ली तर हाळी वाडंल की," आत्या म्हणाल्या. हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण विचारायचा धीर नव्हता.

मॅडमना हसू आलं. "चांगला प्रश्न आहे. पण बाहेरून हाळी मोठी केली म्हणून मेंढरांचे कान बरे होतात, असं मला आज सांगता येत नाही. प्रेशरच्या गोळीबरोबर ती काय करेल हेही माहीत नाही. माहीत नाही ते मी बाबांना देणार नाही. हाळी बारीक आहे, तर वाघरीत मेंढरंच कमी भरू. दिवसाला एक लहान चमचा मीठ, सगळ्या जेवणाचं मिळून. गोळ्या चुकवायच्या नाहीत. साखर आवरायची. लवकर हाती लागलंय, भावाचं लागलं नव्हतं."

एक चमचा मीठ. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य भाकरी, ठेचा आणि मिठाच्या खड्यावर गेलं, त्याला. पहिल्या चार दिवसांत आत्यांनी मिठाचा डबा तीनदा लपवला आणि मामांनी तीनदा शोधला. "बरणी देवाची हुती तवा कवा दोनाचं तीन चमचं केलं न्हाईसा," आत्या चिडून म्हणाल्या. "मिठाला मातुर हात सुटतुया."

मामा जेवता जेवता थांबले. उठले, हात धुतले, देव्हाऱ्यातली रिकामी बरणी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"पोरी, हिच्यात चमचाभर मीठ घाल. रोज सकाळी. आन् त्याच्या म्होरं ठेव."

तेव्हापासून तसंच चाललंय. सकाळी मॅडमनी दिलेल्या मापानं मी मीठ घालते, मामा ते बिरोबापुढं ठेवतात, आणि दिवसभर त्यांच्या ताटात त्यातलंच पडतं. संध्याकाळी संपलं तर संपलं. देवाच्या बरणीत दुसऱ्यांदा हात घालायचा नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

गेटवर ते पुन्हा मान खाली घालून माणसं ओळखतात. परवा इंद्रजितला म्हणाले, "नवा बूट चावतुया तुला." घरी मात्र सकाळी न्हाणीत गेले की मी हातातलं काम ठेवून उभी राहते. बाहेर येऊन ते फेसाबद्दल काही बोलले नाहीत, की मग दूध गॅसवर ठेवते. बिनपुडीचं.